शिरेनं दार अडवलं

शेंदुरगावच्या सरकारी दवाखान्यात संक्रांतीच्या तोंडावर रुग्णांच्या शिरा नाव घेतल्याशिवाय औषध आत घेईनाशा झाल्या.

सुरुवात बायकांच्या वॉर्डात झाली. सिस्टर ऋतुजा इंजेक्शन भरून सातव्या खाटेवरच्या पुतळाबाई शेलारांकडे गेली. त्यांच्या हाताला आधीच लावलेल्या सुईला सिरिंज लावली, दट्ट्या दाबला, तर दट्ट्या हलेना. आणि पुतळाबाईंच्या कोपराच्या खळीतून बारीक पण ठणठणीत आवाज आला, "थांबा. नाव घ्या."

ऋतुजाचं लग्न मागच्या वैशाखातलं. सासरी दर सणाला नणंदा दार अडवून उभ्या राहायच्या, त्यामुळे ती घाबरली वगैरे नाही. सवयीनं म्हणाली, "सात नंबर."

"सात नंबर खाटेचा झाला," शीर म्हणाली. "माणसाचं नाव घ्या. आणलंय काय त्याचं घ्या. किती आणलंय तेही येऊ द्या."

"साधं सांगू की उखाण्यात?"

"साधं कशाला? सणाचे दिवस आहेत."

पुतळाबाई लाजून चूर झाल्या. "आमची शीर पैल्यापासनंच जरा आगाव हाय ओ सिस्टर. मनावर घेऊ नगा." पण ऋतुजानं मनावर घेतलंच. पदर नव्हता, म्हणून अॅप्रन सारखा केला, केसांची बट कानामागे सारली आणि एका दमात म्हणाली,

"तुळशीला पाणी घालते सकाळच्या पारी,
पुतळाबाई शेलारांना पॅन्टोप्राझोल, चाळीस मिलिग्रॅम, घेऊन आले दारी."

"या आत," शीर म्हणाली, आणि औषध लोण्यासारखं आत गेलं. सगळ्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. सलाईन लावलेल्या बायकांनी एकाच हातानं मांडीवर वाजवल्या.

दुपारपर्यंत हे लोण पुरुषांच्या वॉर्डात पोचलं. तिथले ब्रदर नामदेव हे सहा फुटी, मिशीवाले, एरवी कुणाला न जुमानणारे गृहस्थ. त्यांना कोंडिबा जाधवांच्या शिरेनं ताटकळत उभं केलं. शेवटी घाम पुसत त्यांनी सोडलं, "चुलीवरची भाकरी फुगली टम्म, कोंडिबा जाधवांना सेफ्ट्रियाक्झोन, फक्त एक ग्रॅम!" कोंडिबाची शीर इतकी खूश झाली म्हणतात, की तिनं पुढच्या डोसाचीही चौकशी केली.

दवाखान्यात नुसती धमाल उडाली. जेवणाच्या सुट्टीत सिस्टर्स यमकं जुळवत बसू लागल्या. ज्यांना आजवर रुग्णाचं आडनाव माहीत नसायचं त्यांना त्याचं गाव, माहेर, सगळं तोंडपाठ झालं, कारण कधी काय यमकाला लागेल याचा नेम नव्हता. आणि एक मोठीच सोय झाली. एरवी सिस्टर इंजेक्शन देत असली की मागून कुणीतरी पाठीवर टकटक करून विचारणारच, "ओ सिस्टर, आमचं सलाईन संपलं का बगा की." आता कुणी तोंड उघडलं की सगळा वॉर्ड त्याच्यावर खेकसायचा, "गप बसा! नाव चाललंय!" मध्ये बोललं तर उखाणा पहिल्यापासून घ्यावा लागे, आणि ते कुणालाच परवडत नव्हतं.

या सगळ्या गोंधळात एक बाई तेवढी कोरडी राहिली होती. ती म्हणजे सिस्टर शालन माळवदे.

शालनचा हात म्हणजे दवाखान्याची शान. जिथं डॉक्टरांना शीर सापडायची नाही, तिथं शालन नुसतं बोट फिरवून सुई लावायची. ट्रेमधल्या कुप्यांकडे न बघता तिचा हात हव्या त्या कुपीवर पडायचा. कुणी म्हटलं, "बाई, जरा वाचून घ्या की," तर ती हसायची. "माझ्या हाताला डोळे आहेत," म्हणायची.

पहिल्याच दिवशी तीही सिरिंज घेऊन एका खाटेपाशी गेली होती. शीर तिला म्हणाली, "नाव घ्या." तिचे यजमान सर्जेराव गेल्यापासून हे दोन शब्द तिला कुणीच म्हणालं नव्हतं. सर्जेराव एसटीत कंडक्टर होते. घाटात गाडी उलटली त्यात गेले. त्यानंतर लग्नकार्यात, बारशात, ओटीभरणात 'नाव घ्या'चा गलका सुरू झाला की बायकांची नजर शालनवरून अशी अलगद पुढे सरकायची, की जणू तिच्या जागी खांब उभा आहे. आणि इथं ही एक परकी शीर, ओळख ना पाळख, तिला म्हणत होती, घ्या की नाव. शालनला इतका आनंद झाला की तिला तो लपवता येईना.

ती तोंड उघडणार एवढ्यात मेट्रन पाटणकरबाई मागून म्हणाल्या, "शालन, तू राहू दे गं. उगाच कशाला? ऋतुजा देईल."

पाटणकरबाई वाईट नव्हत्या. त्यांना खरंच वाटलं की आपण तिची सुटका केली. शालनचा चेहरा मात्र फटकन उतरला.

आठवडाभरात जिल्ह्याहून समिती आली. समितीनं एका शिरेचा जबाब घ्यायचं ठरवलं. शीर म्हणाली, आधी अध्यक्षांनी नाव घ्यावं. अध्यक्ष निवृत्तीला आलेले. त्यांनी खाकरून, टाय सैल करून, बायकोचं नाव गुलाबाच्या फुलात गुंफलं. सदस्यांनी 'वा वा' केलं, तसं कामकाज सुरू झालं.

समितीचं परिपत्रक मोठं मुद्देसूद निघालं. साध्या औषधाला दोन ओळी. जे औषध शिरेत सावकाश सोडायचं, त्याला आठ ओळी, म्हणजे उखाणा संपेपर्यंत घाई करायला वावच नको. पोटॅशियम क्लोराईडसारखं औषध कधीही थेट शिरेत द्यायचं नाही, मोठ्या सलाईनमध्ये मिसळूनच. ते थेट दिलं तर हृदय जागच्या जागी थांबतं, म्हणून उखाणा कितीही सुरेख असला तरी शिरेनं दार उघडू नये. शिरांना हे सगळं मान्य होतं. त्यांचंही म्हणणं पहिल्यापासून तेच होतं.

शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, की रुग्णाच्या नावासोबत विवाहित सिस्टरांनी पतीचं, ब्रदरांनी पत्नीचं व अविवाहित सिस्टरांनी नुसतं रुग्णाचं नाव घ्यावं. विधवा सिस्टरांना मात्र त्यांच्या भावनांचा विचार करून शिरेतून औषध देण्याच्या कामातून सवलत देण्यात येत आहे.

शालनच्या भावना काय आहेत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिला चादरी मोजायला बसवलं. चादरींना शिरा नसतात. वॉर्डातून टाळ्या ऐकू यायच्या आणि ती कपाटाशी उभी राहून मनातल्या मनात यमकं जुळवायची. तिला राग यायचा, रडू यायचं, आणि मध्येच एखादं झकास यमक सुचलं की स्वतःशीच हसूही यायचं. पाटणकरबाईंनी सांगून ठेवलं होतं, की रथसप्तमीनंतर तिची कायमची बदली भांडारात होईल. म्हणजे तो हात, ती शान, सगळं चादरींत गुंडाळून ठेवायचं.

तशात दवाखान्याचं हळदीकुंकू आलं. पलीकडच्या इमारतीतल्या हॉलमध्ये थाट होता. वाण म्हणून सॅनिटायझरच्या बाटल्या होत्या. पाटणकरबाई हिरव्या पैठणीत, ऋतुजा काळ्या चंद्रकळेत हलव्याचे दागिने घालून, सगळ्या तिकडे निघाल्या. निघताना पाटणकरबाई म्हणाल्या, "शालन, तेवढा वॉर्ड बघशील ना? सगळ्यांचे डोस देऊन झालेत. तुला काही करावं लागणार नाही."

"बघते की," शालन म्हणाली.

त्या जाऊन जरा वेळ होतो न होतो तोच स्ट्रेचरवरून सोजरबाई गावडे आल्या. सत्तरीच्या पुढची म्हातारी, अंग तव्यासारखं तापलेलं, दात कडाकडा वाजत होते. सून मागून धावत होती. ड्युटीवरचे डॉक्टर बेलसरे यांनी तपासलं, रक्तदाब बघितला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"जंतूंचं विष अंगभर पसरलंय," ते म्हणाले. "सेफ्ट्रियाक्झोन एक ग्रॅम, शिरेतून, आत्ताच्या आत्ता. सावकाश, आठ ओळींचं. थांबून चालणार नाही." तेवढ्यात प्रसूतिगृहातून त्यांना हाक आली आणि ते तिकडे पळाले.

शालननं वॉर्डातल्या मावशींना ऋतुजाला बोलवायला पिटाळलं. मग ती सोजरबाईंकडे वळली. म्हातारीच्या शिरा तापानं पार आत गेल्या होत्या. शालननं बोट फिरवलं आणि एका फटक्यात सुई लावली, सलाईन सुरू केलं. इतक्या दिवसांनी हाताला काम मिळालं, हात नुसता नाचत होता.

"सिस्टर, इंजेक्शन द्या की लवकर," सून रडकुंडीला आली. "वाट कुणाची बघताय?"

"मला चालत नाही गं," शालन म्हणाली. "माझे मालक नाहीत."

सोजरबाईंनी तापातच डोळे किलकिले केले. "मी बी तसलीच की बाई. माजा म्हातारा जाऊन जमाना झाला. माज्या शिरेला त्येचं काय सोयरसुतक?"

शालनला एकदम बळ आलं. अंगावर रोमांच उभे राहिले म्हणा ना. परिपत्रक गेलं चुलीत! तिनं पावडरची बाटली उचलली, न बघता ट्रेमध्ये हात घातला, पाण्याची कुपी मोडली, पावडरीत सोडली, हलवली, सिरिंज भरली. सगळं एका लयीत. सिरिंज सुईला लावली आणि वाट पाहिली.

"नाव घ्या," सोजरबाईंची शीर म्हणाली. आवाज क्षीण होता, पण दार अडवून होता.

चादरींपाशी उभं राहून जुळवलेलं सगळं शालनच्या ओठांवर आलं. आठ ओळींची सुरुवात तिनं अशी केली:

"ज्वारीच्या कणसाला दाणे भरले दाट,
सोजरबाई गावड्यांना सेफ्ट्रियाक्झोन, एक ग्रॅम,
दहा मिली पाण्यात, सोडा माझी वाट..."

"चूक," शीर म्हणाली.

दट्ट्या हलेना. शालननं पुन्हा घेतलं, सावकाश, एकेक शब्द नीट.

"चूक."

काय चुकलं ते शीर सांगेना. दार अडवणाऱ्या नणंदा तरी कधी चूक सांगतात? त्या नुसत्या उभ्या राहतात.

शालनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणजे खरंच होतं तर सगळं. पाटणकरबाई, समिती, लग्नातल्या त्या बायका, सगळ्यांचं खरं होतं. माझ्या तोंडून आलेलं नावच चालत नाही. तिला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

तेवढ्यात बांगड्यांचा खळखळाट झाला. ऋतुजा चंद्रकळा गुडघ्यापर्यंत उचलून धावत आली. तिच्या मागून पाटणकरबाई आणि निम्मं हळदीकुंकू.

"अगं शालन," पाटणकरबाई धापा टाकत म्हणाल्या, "तुला सांगितलं होतं ना राहू दे म्हणून? कशाला आपल्या जिवाला त्रास करून घेतेस? ऋतुजा, घे तू."

ऋतुजानं शालनच्या हातातली भरलेली सिरिंज घेतली. हलव्याची बिंदी सावरली. तिच्यासारखा उखाणा घेणारी जिल्ह्यात नव्हती.

"हळदीकुंकवाला आल्या गावच्या लेकीसुना,
सोजरबाई गावड्यांना सेफ्ट्रियाक्झोन, एक ग्रॅम, दहा मिली पाण्यात,
आकाशरावांची राणी सांगते पुन्हा पुन्हा..."

"चूक," शीर म्हणाली.

ऋतुजाचा चेहरा पांढराफटक पडला. आजवर तिचं नाव एकदाही परत आलं नव्हतं. पाटणकरबाईंनी आपल्याच मंगळसूत्राला हात लावून बघितला, जागेवर आहे की नाही ते.

सगळ्यांत आधी भानावर आली ती शालन. ऋतुजाचा नवरा धडधाकट होता, ती हळदीकुंकवाला निघताना त्याचा फोन येऊन गेला होता. हातात चुडा होता, कपाळाला ताजं कुंकू होतं. तरी शीर अडलीच होती. म्हणजे ती शालनला अडली नव्हती. मग कशाला अडली होती?

"ऋतुजा, दट्ट्या सोड," शालन म्हणाली. "सिरिंज काढ आधी."

ती ट्रेपाशी गेली. मोडलेली कुपी उचलली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा उजेडाकडे धरून वाचली.

पोटॅशियम क्लोराईड.

पाण्याच्या कुपीसारखीच कुपी, तेवढीच, तशीच पारदर्शक, कुणीतरी पाण्याच्या कुप्यांच्या कप्प्यात ठेवलेली. शालन मटकन स्टुलावर बसली. सोजरबाईंचं हृदय तिनं हातात धरलं होतं, आणि न बघता धरलं होतं. तिच्या हाताला डोळे नव्हते. कधीच नव्हते. आजवर नुसतं नशीब होतं.

"माझ्याकडून झालं," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "मी वाचलं नाही."

"मीही नाही वाचलं," ऋतुजा हळूच म्हणाली. "तुम्ही भरलेलं, म्हणून तसंच घेतलं."

"हं," सोजरबाईंची शीर म्हणाली. "आता बोललात. पण म्हातारी थकत चाललीय. आटपा."

शालन ताडकन उठली. ती सिरिंज टाकून दिली. नवी बाटली घेतली, वाचली. नवी कुपी घेतली, वाचली, ऋतुजासमोर धरली, ऋतुजानं मोठ्यानं वाचली. तारीख दोघींनी वाचली. पावडर विरघळली, सिरिंज भरली. मग ऋतुजानं पाटणकरबाईंकडे बघितलं आणि सिरिंज शालनच्या हातात दिली. पाटणकरबाईंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर पुतळाबाई सातव्या खाटेवरून ओरडल्या, "गप बसा! नाव चाललंय!"

पाटणकरबाई गप्प बसल्या.

"नवीन घ्या," शीर म्हणाली. "कणसं झाली मघाशी."

आणि शालननं घेतलं. आधी जुळवलेलं काही नव्हतं, होतं ते सगळं आत्ताचं होतं. आवाज खणखणीत लागला आणि बोट दट्ट्यावर मुंगीच्या पावलांनी चाललं.

"माळ्याच्या मळ्यात पिकली वांगी, वांग्याला आला काटा,
काट्यावरून चालत आले दवाखान्याच्या वाटा;
वाटेत भेटली सोजरबाई, गावड्यांच्या घरची सून,
तिला द्यायचं सेफ्ट्रियाक्झोन, एक ग्रॅम मोजून;
बाटली वाचली, कुपी वाचली, वाचली तारीख खाली,
दहा मिली पाण्यामध्ये पावडर एकजीव झाली;
घाई नाही, गडबड नाही, हळूहळू चढू दे,
सोजरबाईंचा ताप आता दाराबाहेर पडू दे!"

"या आत," शीर म्हणाली. "या, या. केव्हाची वाट बघतेय."

शेवटचा थेंब आत गेला, तसा सगळ्या वॉर्डानं एकच जल्लोष केला. सून शालनच्या गळ्यात पडली. ऋतुजाच्या हलव्याच्या दागिन्यांचे दाणे फरशीवर सांडले आणि कुणी ते उचलायच्या भानगडीत पडलं नाही. शालन हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम, आणि तिला कशाचीच लाज वाटत नव्हती.

"आणखी एक!" शीर म्हणाली.

"आणखी एक! आणखी एक!" दुसऱ्या खाटांवरच्या शिरांनीही धोशा लावला.

"पण औषध तर झालं," शालन म्हणाली.

"औषधाचं झालं. आता तुमचं घ्या."

सगळ्यांनी शालनकडे बघितलं. या वेळी कुणाचीच नजर पुढे सरकली नाही. पाटणकरबाईंचीसुद्धा नाही. शालननं अॅप्रनला हात पुसले. सोजरबाईंचा तापलेला हात हातात घेतला, आणि अगदी हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"घाटातल्या वळणावर गाडीला व्हायचा उशीर,
सर्जेरावांचं नाव घेते, ऐक गं सोजरबाईंची शीर."

शीर म्हणाली, "छान होते का हो?"

"फार छान होते," शालन म्हणाली.

संध्याकाळी सोजरबाईंचा ताप उतरायला लागला आणि त्यांनी चहा मागितला. पाटणकरबाईंनी परिपत्रकाचा शेवटचा परिच्छेद कात्रीनं कापला आणि कापलेल्या कागदात पुतळाबाईंना तिळगूळ बांधून दिला. पाण्याच्या आणि पोटॅशियमच्या कुप्यांना वेगवेगळी कपाटं मिळाली. त्यासाठी चादरींचं कपाट रिकामं करावं लागलं. उखाण्यात 'बाटली वाचली, कुपी वाचली' आलंच पाहिजे असा शिरांनी आग्रह धरला, तो मान्य झाला.

संध्याकाळचे डोस द्यायची वेळ झाली. शालन ट्रे घेऊन नवव्या खाटेपाशी गेली, औषधाची कुपी उचलली आणि दिव्याकडे धरून सावकाश वाचली.

"नाव घ्या," नवव्या खाटेवरची शीर म्हणाली.

"घेते की," शालन म्हणाली. "किती ओळींचं घेऊ?"